चार इंची ग्राइंडरचे राज्य

पुण्यात जा, कोल्हापुरात जा, नाहीतर नाशिकला. डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही गॅरेजात पत्रा कापायचा म्हटला की हात एकाच यंत्राकडे जातो. चार इंची अँगल ग्राइंडर, त्यावर एक मिलिमीटर जाडीची कटिंगची चकती आणि ठिणग्यांचा फवारा. मडगार्ड ग्राइंडरने कापायचे, दाराखालचा सडलेला सिल ग्राइंडरने काढायचा आणि वेल्डिंग झाल्यावर जोडही त्यानेच घासायचा. यंत्र स्वस्त, चकती वडापावच्या पैशांत मिळते, नवा पोरगा दोन दिवसांत तयार होतो. या हिशेबात खोट काढणे अवघड आहे. तरीही मोटारीचा बाहेरचा पत्रा कापायला ग्राइंडर हे फार वाईट हत्यार आहे. त्याची किंमत गाडीवाला मोजतो, तीही एक-दोन पावसाळे उलटल्यावर, म्हणजे गॅरेजच्या बिलाची शाई वाळून गेल्यावर.

आजच्या गाडीच्या दाराचा किंवा मडगार्डचा बाहेरचा पत्रा साधारण ०.६५ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. बाजारच्या भाषेत २२ गेजच्या आसपास. इतक्या पातळ पत्र्यात उष्णता शिरली की तिला मुरायला जागाच नसते. पोलाद १०० अंशांनी तापले की मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. कापाच्या कडेचा पत्रा असा वाढू पाहतो तेव्हा भोवतीचा थंड पत्रा त्याला हलू देत नाही. मग तो बाहेर नाहीतर आत फुगतो. डेंटर म्हणतो, ‘पत्र्याला पोट आलं.’ अंगठ्याने दाबले की टक्‌ करून आत जाते, सोडले की परत वर येते. हातोडी आणि डॉली घेऊन हे पोट निगुतीने बसवणारे कारागीर अजून आहेत, पण संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची घाई असलेल्या गॅरेजात त्यांना तेवढा वेळ कोण देणार? पोटावर लांबी (पुट्टी) थापली जाते, पॉलिशपेपर फिरतो, रंग चढतो आणि गाडी चकाचक होऊन घरी जाते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा काही मायक्रॉनचा थर असतो. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. चकतीखाली लाल होणाऱ्या कडेवर ते टिकणे शक्य नाही. जस्ताची खुबी अशी की ते स्वतः झिजते आणि पोलादाला राखते. थंड पद्धतीने कापलेली कड उघडी असली तरी शेजारचे जस्त तिला बऱ्यापैकी सांभाळून घेते. कडेलगतची पट्टीच जळून गेली की सांभाळणारे कोणी उरत नाही. रंगाखाली गंज सुरू होतो आणि चिपळूण-रत्नागिरीकडच्या हवेत त्याला फार दिवस लागत नाहीत. जस्त जळताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला ओळखीचा आहे.

ठिणग्यांचेही तसेच. ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. शेजारच्या दारावर गोणपाट टाकलेले नसेल तर हे कण रंगावरच्या लॅकरमध्ये रुतून बसतात आणि पुढच्या पावसात पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके उमटतात. काचेवर पडले तर ते काचेत वितळून चिकटतात. नखाने खरवडले की खडबडीत लागतात आणि कशानेही निघत नाहीत. गाडीवाला समजतो, काचेवर कुठून तरी खडी उडाली असेल.

आणखी एक गोष्ट कोपऱ्यांची. गोल चकतीला चौकोनी कोपऱ्यात थांबताच येत नाही. आतल्या बाजूचा काप पूर्ण करायचा तर बाहेरच्या बाजूने तो खुणेच्या पुढे सरकतोच. त्या जादा कापाचे टोक टोकदार राहते आणि खड्ड्यांतून रोज हादरे खाणाऱ्या गाडीत तडा जायला अशीच टोके निमित्त होतात. जुना पत्राकामवाला कोपऱ्यात आधी ड्रिलने गोल भोक पाडायचा आणि काप त्या भोकात संपवायचा. एका मिनिटाचे काम. ग्राइंडरच्या राज्यात ते मिनिट वाचवले गेले.

खरे तर हे यंत्र गाडीचा पत्रा कापण्यासाठी बनलेच नव्हते. जर्मनीतल्या स्टाइनहाइम गावच्या आकरमान आणि श्मिट कंपनीने १९५४ मध्ये वेगाने फिरणारा अँगल ग्राइंडर बाजारात आणला, तो जोड घासायला आणि ढोबळ कापाकापीला. त्या कामांत आजही त्याला तोड नाही. गंजलेला नट उडवायचा असो की वेल्डिंगचा उंचवटा सपाट करायचा असो, ग्राइंडरच हवा. आक्षेप त्याच्या असण्याला नाही, तोच एकटा असण्याला आहे.

पर्याय काही परग्रहावरचे नाहीत. साधी पत्रा कात्रीच घ्या. चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात ती तीन रंगांच्या मुठींत मिळते: पिवळी सरळ कापाला, लाल डावीकडे वळणाऱ्या कापाला, हिरवी उजवीकडे. तिन्ही कात्र्या मिळून एका बऱ्या ग्राइंडरच्या आसपास पडतात. २२ गेजचा पत्रा त्यांच्यापुढे काहीच नाही. उष्णता शून्य, आवाज शून्य, जस्त जागच्या जागी. दोष एवढाच, की कड किंचित वाकते आणि ती हातोडीने बसवावी लागते. शिवाय लांब काप घेताना पंजा दुखून येतो.

ज्याला पंजा दुखवून घ्यायचा नाही त्याने निबलर घ्यावा. हे यंत्र पत्रा चिरत नाही, कुरतडते. एक छोटा पंच मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर होतो आणि दर फेरीला पत्र्याचा अर्धचंद्राकृती तुकडा पाडत पुढे सरकतो. पत्रा दोन्ही बाजूंनी सपाट राहतो, पोट येत नाही, वळणदार चाककमानीचा काप सुतासारखा निघतो. खाली मात्र कापलेल्या नखांसारख्या तुकड्यांचा सडा पडतो आणि हे तुकडे भलतेच धारदार असतात. स्लीपरच्या तळव्यातून थेट पायात. कापात चार-सहा मिलिमीटर पत्रा वाया जातो, तेव्हा खूण मारतानाच तेवढा हिशेब धरावा लागतो. ड्रिलला लावायची निबलरची जोडणी ग्राइंडरपेक्षाही कमी पैशांत मिळते. याच घरातले तिसरे भावंड म्हणजे तीन पात्यांची विजेची कात्री. तिचे मधले पाते पत्र्याची चिंचोळी पट्टी वर गुंडाळत काढते आणि दोन्हीकडच्या कडा धक्काही न लागता तशाच राहतात. सरळ, लांब कापाला हिच्यासारखी दुसरी नाही.

आणि बऱ्याचदा कापायची गरजच नसते. मोटारीच्या सांगाड्यात हजारो स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांएवढे टाके, असतात. ठोकरलेले पॅनेल मुळात जिथे जोडलेले होते तिथूनच सोडवता येते. स्पॉट वेल्ड कटर नावाचे छोटे पाते टाक्याभोवती फक्त वरचा पत्रा गोल कापते आणि खालचा तसाच राखते. काम किचकट आहे, एकेका टाक्याशी वेळ जातो, पण नवे पॅनेल कारखान्याच्याच जागी बसते. पॅनेल मधूनच आडवे कापून अर्धे नवे चिकटवण्याची जी पद्धत पडली आहे, तिला बहुतेक वेळा आळसाखेरीज कारण नसते.

कारखान्यात हा प्रश्न कसा सोडवला जातो ते पाहिले की गॅरेजातली गंमत जास्त कळते. मोटार कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा गुंडाळीतून उलगडत येतो आणि पंच व डायच्या मध्ये एका ठोक्यात कापला जातो. याला ब्लँकिंग म्हणतात. पंच आणि डाय यांच्यातली फट पत्र्याच्या जाडीच्या पाच-दहा टक्के ठेवावी लागते. म्हणजे ०.७ मिलिमीटरच्या पत्र्याला फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. फट वाढली की कडेला बर येतो, कमी झाली की डायची धार जाते. एवढी काळजी का? दाराचा बाहेरचा पत्रा कडेला दुमडून आतल्या पत्र्यावर बसवायचा असतो आणि दुमडताना तडा जातो तो बऱ्याचदा खराब कापलेल्या कडेपासून. मोठमोठे अभियंते ज्या कडेसाठी डायची फट जपतात, तीच कड गॅरेजात दोन मिनिटांत भाजून निघते.

प्रेसचेही दोष आहेत आणि ते लहान नाहीत. डायचा संच प्रचंड महाग असतो. तो लाखभर नग काढल्यावर परवडतो, शंभर नगांना नाही. खिडकीच्या जागा कापून टाकाव्या लागतात, गुंडाळीच्या कडा उरतात. मोटारीसाठी आणलेल्या पत्र्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग गाडीत न जाता भंगारात जातो, असा हिशेब केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला आहे. ते भंगार भट्टीत परत जाते हे खरे, पण वितळवायला ऊर्जा लागतेच.

थोडे नग काढायचे तर लेझर, आणि इथे महाराष्ट्राने जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. कार्बन डायऑक्साइडवर चालणारा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी या लेझरच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत दिला आणि पोलादाचा पत्रा कापून दाखवला. त्या पत्र्याची जाडी होती एक मिलिमीटर, म्हणजे मोटारीच्या पत्र्याच्या अगदी जवळची. बारामतीच्या माणसाच्या शोधावर उभे राहिलेले हे तंत्र आज भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत जॉबवर्कवर मिळते. आता गॅस लेझरची जागा बहुतेक ठिकाणी फायबर लेझरने घेतली आहे. पातळ पत्र्यात तो मिनिटाला कित्येक मीटर धावतो आणि कापाची रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांत राहते.

लेझरही उष्णतेनेच कापतो, मग त्याचे कौतुक का? कारण उष्णता इतक्या बारीक जागेत आणि इतकी कमी वेळ असते की शेजारच्या पत्र्यापर्यंत ती पोचेपर्यंत काप पुढे गेलेला असतो. मात्र जॉबवर्कला देताना एक प्रश्न जरूर विचारावा: ऑक्सिजनने कापणार की नायट्रोजनने? ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साइडची पापडी बसते. रंग त्या पापडीला धरतो, पापडी पोलादाला धरत नाही. काही महिन्यांनी कडेचा रंग सोलून निघतो आणि शिव्या रंगवाल्याला बसतात. नायट्रोजनची कड लख्ख चांदीसारखी निघते. दर थोडा जास्त पडतो, तो द्यावा. रुग्णवाहिका, फूड ट्रक, शाळेच्या छोट्या बस अशा वीस-पन्नास नगांच्या कामाला याहून योग्य पद्धत सध्या नाही. साधे लेझर यंत्र सपाट पत्रा कापते, फुगीर मडगार्ड नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

बाकीच्या पद्धतींना गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावर फारसे काम नाही. गॅस कटिंगची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. ती चेसिसच्या जाड प्लेटला ठीक, पातळ पत्र्याचा ती चुरगळा करते. प्लाझ्मा कटिंग १९५०च्या दशकात अमेरिकेत युनियन कार्बाइडने आणले. ते झपाट्याने कापते, पण हवेवर चालणाऱ्या प्लाझ्माने कडेत नायट्रोजन शिरतो आणि तीच कड न घासता वेल्ड केली तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. पाण्याचा झोत, सुमारे चार हजार बार दाबाचा, वाळूसारखी गार्नेटची भुकटी मिसळलेला, अजिबात तापवत नाही आणि कडही सुरेख देतो. पण तो महाग आणि संथ आहे, आणि साध्या पोलादाला ओले करून गंजाचे आमंत्रण देतो.

ॲल्युमिनियमची कथा वेगळी, आणि ती महाराष्ट्राला एसटीमुळे ठाऊक आहे. महामंडळ पुण्याजवळच्या दापोडीत, संभाजीनगरच्या चिकलठाण्यात आणि नागपूरच्या हिंगण्यात स्वतःच्या कार्यशाळांत बस बांधत आले. वर्षानुवर्षे त्या बसच्या अंगावर रिव्हेट मारलेले ॲल्युमिनियमचे पत्रे असत. अलीकडे माइल्ड स्टीलची बांधणी आली. ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढते आणि मऊ असल्यामुळे साध्या चकतीच्या खरखरीत दाण्यांत भरून बसते. भरलेली चकती कापत नाही, नुसती घासून तापते आणि शेवटी फुटते. सपाट, लांब पत्र्याला शिअरिंग मशीन आणि खिडकीच्या कोपऱ्यांना कात्री किंवा निबलर, हाच त्या धातूचा स्वभाव ओळखून केलेला काप.

इथपर्यंतचे सगळे गंजाचे आणि दिसण्याचे झाले. यापुढचे जिवाचे आहे. गेल्या काही वर्षांत गाड्यांच्या सांगाड्यात गरम प्रेसमध्ये घडवलेले बोरॉन पोलाद आले. पत्रा ९०० अंशांपर्यंत तापवून डायमध्ये दाबतात आणि दाबलेल्या स्थितीतच झटकन थंड करतात. त्याची ताकद सुमारे १,५०० मेगापास्कलवर जाते, साध्या बॉडी-पत्र्याच्या चार-पाच पट. दोन दारांमधला खांब, ज्याला बी पिलर म्हणतात, आणि दारातल्या आडव्या पट्ट्या अशा पोलादाच्या करतात, म्हणजे बाजूने ट्रक येऊन आदळला तर खांब आत येऊ नये. कारखान्यातही ही वस्तू एवढी कडक असते की कापताना डायची पाती झिजतात. म्हणून तिच्या कडा बहुधा पाच अक्षांच्या लेझरने छाटतात. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या पहिल्या पंचतारांकित गाड्या, हॅरिअर आणि सफारी, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाल्या, आणि त्या पुण्यात बनतात. भारत एनकॅपच्या समोरच्या धडकेच्या चाचणीचा वेग ताशी ६४ किलोमीटर आहे. ते तारे सांगाड्याच्या पोलादावर आणि टाक्यांवर मिळालेले असतात.

असा खांब अपघातात वाकला आणि गॅरेजात आला तर काय होते? गॅसची ज्योत लावून लाल करायचा आणि ओढून सरळ करायचा, ही जुनी सवय. साध्या पोलादाला ती एक वेळ चालून गेली. बोरॉन पोलाद मात्र असे तापले की त्याचा कडकपणा उतरतो आणि परत येत नाही, कारण डायमधले ते झटकन थंड होणे गॅरेजात घडवता येत नाही. बाहेरून खांब सरळ दिसतो, रंगही जुळतो, आणि पुढच्या धडकेत तोच आधी मुडपतो. नेमके इथे ग्राइंडरला काही हक्काचे काम आहे. कात्री आणि निबलर या पोलादापुढे हात टेकतात, साधे ड्रिलचे बिट त्यावर फिरत राहते आणि जळते. टाकून द्यायच्या भागावर चकती चालवावी, टाके कार्बाइडच्या बिटने काढावेत आणि भाग कंपनीने सांगितलेल्या जागीच बदलावा, हा रस्ता आहे. कुठे कापलेले चालते आणि कुठे अजिबात नाही, हे प्रत्येक गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत आकृतीसह दिलेले असते.

ती पुस्तिका असते कुठे? अधिकृत सेवा केंद्राच्या संगणकात, इंग्रजीत. वॉरंटी संपलेल्या बऱ्याच गाड्या जातात नाक्यावरच्या गॅरेजात, जिथला डेंटर उत्तम कारागीर असतो, पण समोरचा खांब कुठल्या पोलादाचा आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा ट्रेड आहे. तिथे कात्री, शिअर, गेज सगळे शिकवतात. पण गॅरेजातली बहुतेक पोरे आयटीआयचे तोंड न पाहता उस्तादाच्या हाताखाली शिकतात, आणि उस्ताद स्वतः शिकला तेव्हा गाडीचा सगळा पत्रा एकाच जातीचा होता.

विम्याच्या सर्व्हेअरकडे मात्र अधिकार आहे. मोठ्या अपघाताच्या दाव्यात तो गाडी दुरुस्तीआधी पाहतो, बऱ्याचदा नंतरही पाहतो, कोणता भाग बदलला आणि कोणता दुरुस्त केला हे लिहून घेतो. भाग कुठे कापला, कशाने कापला आणि उघड्या कडेला झिंक प्रायमर लागला का, हे तीन रकाने त्याच्या अर्जात वाढवायला कुठला कायदा बदलावा लागत नाही. रंग चढण्याआधीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो सोबत जोडला तर वाद घालायलाही जागा राहत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलच्या सांगाड्याची एक पानी रंगीत आकृती, कडक पोलादाचे भाग लाल रंगात दाखवून, मराठीसह भारतीय भाषांत मोफत उपलब्ध केली तर ती गॅरेजच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लागेल. पुण्यात बनणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करायला काहीच अडचण नसावी; त्या आकृत्या ज्यांनी काढल्या ते अभियंते पिंपरी-चिंचवडमध्येच राहतात.